तळ्यात विष कुणी टाकलं नव्हतं



आजची नोंद आधी. पहाटे 5.40. हवा 9 अंश, पाणी 18. धुकं दाट, वारा अजिबात नाही. काल दिवसभर आभाळ. तळ्याच्या मधल्या पाण्यात ऑक्सिजन 3.2. एरेटर रात्री 1 पासून चालू. मासे खाली आहेत, तोंड वर काढलेलं नाही.

एरवी नोंद इथंच संपवली असती. पण परवापासून आपल्या भागातल्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. शेजारच्या गावातलं कागदाचं शेततळं, सकाळची वेळ, आणि सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगतायत. फोटोखाली लिहिलंय, "कुणीतरी जळक्या माणसानं रात्रीतून विष टाकलं." त्याखाली लोकांची हळहळ, मग शिव्या, मग "नाव सांगा, बघून घेऊ". आणि काल संध्याकाळी एकानं खरंच नाव टाकलं. बांधाशेजारच्या शेतकऱ्याचं.

एवढ्या लोकांत एकानं तरी विचारलं का, की त्याआधी तीन दिवस आभाळ होतं का? पाणी कुणी तपासलं का? तळ्यात मासे किती होते? शेण कधी टाकलं होतं? नाही. विष म्हणलं की सगळं सोपं होतं. दोष दुसऱ्याचा होतो आणि आपल्याला काही शिकावं लागत नाही.

मला हे बोलायचा अधिकार आहे, कारण हेच पाप मी केलेलं आहे.

सहा वर्षांपूर्वीचा जानेवारी. माझं तळं 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, कागद टाकलेलं. द्राक्षबागेसाठीच केलेलं, पण पाणी आहेच तर मासे सोडू म्हणून रोहू, कटला, सायप्रिनस सोडले. दहा महिन्यांत किलोच्या आत-बाहेर माल झाला. व्यापारी आठ दिवसांनी येणार होता. दोन दिवस अवकाळीचं आभाळ, तिसऱ्या रात्री भुरभूर पाऊस. पहाटे गेलो तर सगळं पाणी पांढरं दिसत होतं. बारा-तेरा क्विंटल माल. सव्वा लाखाच्या आसपास नुकसान.

आदल्या दिवशी शेजारी माझ्या चुलतभावानं, नानानं, बागेत फवारणी केली होती. आमचा बांधाचा जुना वाद. मला दुसरं काही सुचलंच नाही. दहा माणसांसमोर मी त्याला बोललो, पोलिसात अर्ज दिला. पंचनामा झाला, पण तोपर्यंत दुपार झाली होती. मासे मी जेसीबीनं खड्डा करून पुरले. पाण्याचा नमुना कुणी घेतला नाही, मीही आग्रह धरला नाही, कारण माझ्या मनात निकाल लागलेलाच होता. त्याच उन्हाळ्यात नानाच्या मुलीचं लग्न झालं. मी गेलो नाही. आई एकटी गेली आणि रडत परत आली.

पुढच्या वर्षी पुन्हा मासे सोडले. कार्तिकी एकादशीच्या सुमाराला पुन्हा आभाळ, पुन्हा तीन दिवस ऊन नाही, आणि पुन्हा एका पहाटे तेच दृश्य. निम्मे मासे गेले. त्या रात्री नाना आणि वहिनी आळंदीला होते. घराला कुलूप. विष टाकणार कोण?

त्या दिवशी मी पहिल्यांदा पाण्याकडं नीट बघितलं.

आता मुद्द्याचं. कंटाळा न करता वाचा.

तळ्यातलं हिरवं पाणी म्हणजे बारीक शेवाळ. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन तयार करतं. तळ्यातला बहुतेक ऑक्सिजन इथून येतो, वाऱ्यानं मिसळणारा थोडा. सूर्य मावळला की तयार करणं बंद, पण श्वास घेणं चालू. मासे घेतात, तळाचा गाळ कुजताना घेतो, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे ते शेवाळच घेतं. रात्रभर खर्च, जमा काही नाही. म्हणून सूर्य उगवायच्या आधीचा तास हा तळ्याचा सगळ्यांत कंगाल तास. आपल्या कार्प माशांना 5 पीपीएम, म्हणजे लिटरमागं 5 मिलिग्रॅम, असेल तर बरं चालतं. 3 च्या खाली त्रास. 1 च्या आसपास गेलं की मरतुक.

आता एक दिवस आभाळ आलं तर जमा कमी होते. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. खर्च मात्र तेवढाच. तिसऱ्या रात्री खातं रिकामं. सावकार दारात यायला जसं तीन हप्ते चुकावे लागतात, तसंच आहे हे. मासे एका रात्रीत मेलेले दिसतात, पण तळं तीन दिवस मरत होतं.

माझ्या वहीतली नोंद देतो. स्वच्छ उन्हाचा जानेवारीतला दिवस: दुपारी 3 वाजता वरच्या पाण्यात 12, अडीच मीटर खोल 3, दुसऱ्या दिवशी पहाटे मधल्या पाण्यात साडेपाच. आभाळाचा तिसरा दिवस: दुपारी वर 6, पहाटे 1.8. एकच तळं, तेच मासे.

वरचा 12 आणि खालचा 3 हा फरकही लक्षात ठेवा. खोल तळ्यात ऊन वरचं पाणी तापवतं, ते हलकं म्हणून वरच राहतं. खालचं थंड पाणी खालीच, तिथं उजेड नाही, गाळ कुजतो, ऑक्सिजन जवळपास संपलेला. मग थंडीची रात्र आणि वरून गार पाऊस. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, आणि खालचं कुजकं पाणी वर येतं. तळं पालटतं. सकाळी सडक्या अंड्यासारखा वास आला, पाणी हिरव्याचं एकदम मळकट तपकिरी झालं, तर ओळखा. "पाण्याचा रंग बदललाय म्हणजे औषध टाकलं" असं म्हणणारे हेच बघून म्हणतात.

आता दुकानदार आणि काही शिकलेली मंडळी एक वाक्य ठोकून देतात, "थंडीत ऑक्सिजनचा प्रॉब्लेम नसतो, थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो." मावतो, हे खरंय. 30 अंशाच्या पाण्यात साडेसात पीपीएम मावतो, 20 अंशाला 9, 10 अंशाला 11 च्या पुढं, गोठायच्या बेतातल्या पाण्यात साडेचौदा. पण मावतो म्हणजे भरलेला असतो असं नाही. कणगी मोठी आहे म्हणून ज्वारी आपोआप येते का? भरणारं कुणी पाहिजे. भरणारं ऊन आणि वारा. धुक्यात दोन्ही नाही.

ज्यांना वाटतं थंडीत मासे गुदमरत नाहीत, त्यांनी जिथं खरी थंडी आहे तिथं बघावं. माझा मुलगा मोबाइलवर दाखवतो. कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, पोलंड, चेक देश. तिथं तळ्यावर बर्फाचं झाकण बसतं, माणूस वरून चालतो. खालचं पाणी 4 अंशाच्या आसपास, कारण 4 अंशाचं पाणी सगळ्यांत जड, ते तळाशी बसतं. थंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर मावतो ना? तरी तिथं मासे गुदमरून मरतात. बर्फ आला की वारा पाण्याला लागत नाही. नुसता स्वच्छ बर्फ असेल तर उजेड खाली जातो आणि शेवाळ थोडंफार काम करतं. पण बर्फावर भुसभुशीत हिम पडलं की उजेडही बंद. मग जुना साठा पुरवून पुरवून खायचा. थंडीमुळं मासे सुस्त असतात, कमी श्वास घेतात, म्हणून हे आठवड्यांवर चालतं, आणि हिवाळा संपत येताना मर दिसते. उथळ, गाळ भरलेल्या तळ्यात आधी.

आणि ते लोक काय करतात? कुणाच्या नावानं बोंब मारत नाहीत. बर्फावरचं हिम झाडून पट्टे मोकळे करतात, उजेड जावा म्हणून. नुसतं भोक पाडून फार उपयोग होत नाही हे त्यांना माहीत आहे. ब्लोअरची नळी सोडून एक जागा उघडी ठेवतात. ती नळीसुद्धा सगळ्यांत खोल जागी ठेवायची नाही, कारण तिथं मासे जरा उबदार 4 अंशाच्या पाण्यात बसलेले असतात, ते पाणी ढवळून वर नेलं तर सगळं तळं गार पडतं. चेक देशात त्रेबोन्य भागात चारशे-पाचशे वर्षांपासून कार्प पाळतात. त्यांचं रोझमबर्क नावाचं तळं 1590 साली पुरं झालं. थंडीत मासे ठेवायला तिथं वेगळी खोल तळी असतात आणि त्यांत वाहतं ताजं पाणी सोडतात. मासा कोणता? सायप्रिनस. तोच, जो आपण तळ्यात सोडतो. म्हणजे ज्या माशाला बर्फाखाली जगवायचं शास्त्र माणसानं शेकडो वर्षांपूर्वी बसवलं, तो मासा आपण निफाड-सिन्नरच्या थंडीत मारतो आणि शेजाऱ्यावर ढकलतो.

आपल्याकडं बर्फ नाही. पण झाकण आहे. ढगाचं, धुक्याचं, पाण्यावर माजलेल्या टिकलीचं. फरक एवढाच, की आपलं पाणी 18-20 अंशाचं असतं. त्यात मासे, शेवाळ, गाळ सगळेच जोरात श्वास घेतात. त्यांच्याकडं जे दोन महिन्यांत होतं ते आपल्याकडं तीन दिवसांत होतं.

आता दुकानाची गोष्ट. दुसऱ्या मरतुकीनंतर एका दुकानदारानं मला "ऑक्सिजन पावडर" दिली. एक किलोचं पाकीट, "टाका, तासाभरात मासे खेळायला लागतील." मीही टाकली. नंतर वही घेऊन बसलो. दहावी पास माणसाचं गणित आहे, चुकलं तर साहेब लोकांनी सांगावं.

त्या पावडरीत वजनाच्या साधारण 13 टक्के ऑक्सिजन सुटतो. म्हणजे किलोला 130 ग्रॅम. माझ्या तळ्यात जानेवारीत धरा 15 लाख लिटर पाणी. ते सगळं पाणी फक्त 2 पीपीएमनं वर न्यायचं तर 3 किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे पावडर लागली 23 किलो. मी टाकली 1 किलो. त्यानं पाणी चढलं 0.09 पीपीएमनं. एका कोपऱ्यात टाकली तर तिथल्या माशांना घटकाभर आधार मिळेल, पण तळं वाचत नाही. तेच एक एचपीचं चांगलं एरेटर तासाला फार तर किलोभर ऑक्सिजन पाण्यात घालतं. आपल्याकडं त्याच्या निम्मं धरा. तरी सहा तासांत 3 किलो झाले. पोटॅशचं लाल पाणी टाकणारेही आहेत. त्यानं ऑक्सिजन वाढत नाही, उलट शेवाळ मेलं तर उद्याची जमाही बुडाली.

पण दुकानदाराला किती बोलू? मूळ चूक आपली. बिगर एरेटरच्या तळ्यात हेक्टरी 5 ते 10 हजार बोटुकली सोडावी असं पुस्तकात आहे. माझं तळं 9 गुंठ्यांचं. हिशेबानं 450 ते 900. मी सोडली होती अडीच हजार. का? बीज देणारा म्हणाला, "थोडी मरतातच, जादा सोडा." वरून पाणी हिरवं व्हावं म्हणून शेण. थंडीत मासे कमी खातात तरी सवयीनं तेवढंच खाद्य. न खाल्लेलं खाद्य तळाला जाऊन कुजलं. विष कुणी टाकलं म्हणता? मीच टाकलं होतं. बादलीनं, रोज सकाळी.

आणि एक गोष्ट योजना आखणाऱ्यांसाठी. मागेल त्याला शेततळं मिळालं, चांगलं झालं. सौर पंप मिळतायत, दिवसा वीज मिळावी म्हणून आपणच आंदोलनं केली, ती मागणी बरोबरच होती. मध्यरात्री साप-विंचवात दारं धरायला कुणाला हौस नाही. पण ज्याच्या तळ्यात मासा आहे त्याला रात्री 1 ते सकाळी 7 लाईट लागते, आणि तेव्हा सौर पंप झोपलेला असतो. मासेपालन करा म्हणून शिबिरात सांगता, मग रात्रीच्या त्या सहा तासांचं काय ते त्याच शिबिरात सांगा. एरेटरला लागणारी एक-दोन एचपीची लाईट वेगळी देता येईल का, ते बघा. नाहीतर स्पष्ट सांगा, की एरेटर नसेल तर 500 च्या वर बोटुकली सोडू नका. खड्डे मोजता, बीज मोजता, तसा ऑक्सिजन मोजायला शिकवा.

आता, विष कधीच कुणी टाकत नाही असं मी म्हणत नाही. टाकणारे आहेत. फवारणीचं औषध उडून किंवा पंप धुतलेलं पाणी वाहून येऊनही मासे मरतात, काही कीटकनाशकं माशाला थेंबाथेंबानं मारतात. पण ओळखता येतं:

1) ऑक्सिजन संपला तर मर पहाटे दिसते. विषाला घड्याळ नसतं.
2) ऑक्सिजन संपला तर मोठे मासे आधी जातात, कटला आधी वर येऊन तोंड उघडतो. बारकी पिल्लं बऱ्याचदा वाचतात. विषात बारके आधी जातात, आणि पाण्यातले किडे, बेडूक, गोगलगायीही मेलेल्या दिसतात.
3) मेलेल्या माशाचं तोंड उघडं आणि कल्ले फाकलेले असतील तर गुदमरल्याची शंका आधी घ्या.
4) मागचे तीन दिवस आभाळ, पाऊस, धुकं होतं का ते आठवा.
5) सूर्य वर यायच्या आत ऑक्सिजन मोजा. ऊन पडलं की शेवाळ पुन्हा कामाला लागतं, दुपारी आकडा चांगला येतो आणि लोक म्हणतात, "पाणी तर चांगलं आहे, म्हणजे विषच." पुरावा उन्हाबरोबर पळून जातो.
6) तरीही विषाची शंका असेल तर स्वच्छ बाटली काठोकाठ भरून पाणी घ्या, नुकतेच मेलेले मासे बर्फात ठेवा, पंचनामा करून तपासणीला द्या. माझ्यासारखे पुरून टाकू नका.

आणि मरतुक टाळायला:

1) ऑक्सिजन मोजायची थेंबाची किट खाद्याच्या एक-दोन पोत्यांच्या पैशात येते. घ्या.
2) संध्याकाळी 7 ला मोजा, 10 ला मोजा. समजा 7 ला 7 होता, 10 ला 5.8. तीन तासांत 1.2 गेला, तासाला 0.4. सकाळी 6 पर्यंत आठ तास, म्हणजे आणखी 3.2 जाणार. उरला 2.6. पहाटे धोका आहे हे रात्री 10 वाजताच कळलं. जेवण करून झोपा, पण 1 चा गजर लावा.
3) पांढरी रंगवलेली थाळी काठीला बांधून पाण्यात सोडा. 30 ते 45 सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. 20 लाच गायब झाली तर शेवाळ फार झालंय. शेण बंद.
4) आभाळ आलं की खाद्य बंद. दोन दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.
5) सौर पंप असेल तर उन्हाच्या दिवशी दुपारी 1 ते 3 तळ्याचंच पाणी फिरवा. वरचं चांगलं पाणी खाली जातं, तळाचं कुजणं साठत नाही. हे रोजचं काम आहे, आभाळ आल्यावर सुरू करायचं नाही.
6) एरेटर नसेल आणि मासे वर आले तर पंप नाहीतर इंजिन लावून तळ्याचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. सक्शन वरच्या थरात धरा, तळाशी नाही. बोअरचं पाणी सरळ आत सोडू नका, त्यात ऑक्सिजन नसल्यासारखाच असतो, आधी हवेतून पाडा.
7) गर्दी असेल तर मोठे मासे डिसेंबरातच विका. दर दहा रुपयांनी कमी मिळाला तरी चालेल.

मागच्या वर्षी मी नानाच्या घरी गेलो. वही घेऊन गेलो होतो. आकडे दाखवले, माझं चुकलं म्हणलं. नानानं वही बघितलीच नाही. वहिनीनं चहा दिला. आता आम्ही बोलतो, लग्नकार्यात जातो. पण पूर्वी त्याच्या शेतातून माझी पाइपलाइन येत होती, ती त्यानं भांडणानंतर काढायला लावली, ती अजून जोडू दिलेली नाही. त्याचं बरोबर आहे. ज्या लग्नाला गेलो नाही ते काही पुन्हा होणार नाही.

म्हणून ज्या भावानं काल ग्रुपवर नाव टाकलं, त्यानं ते आज काढावं. आणि ज्याचं तळं मेलंय त्याला एवढंच सांगतो: तुझं नुकसान खरं आहे, त्याचं दुःख मला माहीत आहे. उद्या पहाटे साडेपाचला मी किट घेऊन येतो. दोघं मिळून पाणी मोजू. शेजाऱ्यालाही बोलव.